जंताचं औषध

कोंबड्यांना धरायचं तर आपण आपल्यासारखं दिसून चालणार नाही, असं नानाने सकाळी चहा पिताना ठरवलं आणि कपाटातून बायकोचा फुलाफुलांचा गाऊन काढला. (गाऊन दंडात अडकला, पोटाशी तटला, पण शेवटी नाना त्यात कसाबसा मावला.)

बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. शेतावर कोंबड्या पाळायची हौस तिची, आणि कामाची वाटणीही तिचीच. दाणे टाकणं आणि अंडी गोळा करणं तिच्याकडे. पंख कातरणं, उलटं धरून वजन करणं आणि दर वर्षी एकेकीची चोच उघडून जंताचं औषध पाजणं नानाकडे. "मी पाजलं तर त्या माझ्यावर रुसतील," असं म्हणून ती कुंपणाला टेकून बघत राहायची. त्यामुळे नाना खुराड्याच्या दिशेने नुसता शिंकला, तरी कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींच्या डोक्यावर चढायच्या. आता तर तो लांब गेल्याशिवाय त्या दाण्यालाही तोंड लावत नव्हत्या.

भावाचं घर जरा मार्गी लावावं म्हणून ताई राहायला आली होती. तिने हा तमाशा दोन दिवस पाहिला आणि कोंबड्या विकायचं फर्मान काढलं. यंदाचं औषध पाजायचं राहिलंय, असं निमित्त नानाने पुढे केलं. मग ताई म्हणाली, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पाजून दाखव, नाहीतर उद्या व्यापारी टोपल्या घेऊन येईल. बायकोची हाक ओळखणारं घरात आता या कोंबड्यांशिवाय कुणी नाही, हे ताईला कसं सांगायचं ते नानाला कळेना.

गाऊनने मात्र कमाल केली. नाना कुंपणाच्या आत जाऊन बसतो न बसतो तोच सगळ्या कोंबड्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. बायकोची लाडकी तांबडी तर सरळ मांडीवर चढली आणि डोळे मिटून बसली. नानाने ड्रॉपर भरला, तिची चोच हलकेच उघडली, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

त्याने तांबडीला खाली ठेवलं. उठला, गाऊन काढला, नीट घडी करून कुंपणावर ठेवला. आत होती फक्त हाफपँट आणि भोकं पडलेला बनियन. ते ध्यान दिसताच सगळ्या कोंबड्या किंचाळत चहूकडे पांगल्या.

"अरे, आत्ता तर हातात होती ना?" ताई दारातून म्हणाली.

"माझ्या नव्हती," नाना म्हणाला. "हिच्या होती."

ताईला काही कळेना.

"औषध कडू असतं, ताई. हिने पाजलं असं त्यांना वाटायला नको."

ताईने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, मग तोच पदर खोचून ती आत आली आणि कोपरा अडवून उभी राहिली.

नाना दिवसभर पळाला. दोनदा पाण्याच्या कुंडीत पडला. गुडघे फुटले. कोंबडा पाठीवर चढून टोचून गेला, तो वेगळाच. (बनियनला एक भोक वाढलं.) पण दिवस मावळायच्या आत शेवटच्या कोंबडीच्या घशाखाली औषध उतरलं. शेवटी ताईनेच व्यापाऱ्याला फोन करून, येऊ नका, म्हणून सांगितलं.

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून उतरले. भावाला काही हे जमणार नाही, या खात्रीने ताईनेच त्यांना सकाळी बोलावून ठेवलं होतं. त्यांनी नानाच्या गुडघ्यांकडे पाहिलं, हातातल्या ड्रॉपरकडे पाहिलं.

"अहो, हे त्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळायचं असतं," ते म्हणाले. "मी बाईंना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"मग?" ताईने विचारलं.

डॉक्टर घुटमळले.

"बाई म्हणाल्या, यांना नका सांगू. वर्षातून एकदाच पळतात. तेवढीच करमणूक आहे मला."