जेडची बांगडी, प्रमाणपत्रासकट

मला कुणी फसवू शकत नाही. ही बढाई नाही, बेंगबूच्या बस डेपोत कुणालाही विचारा! माझी सगळी नोकरी इंजिनाखाली पडून गेली. बस फाटकातून आत वळतानाच मी आवाजावरून सांगायचो, कुठलं बेअरिंग गेलंय आणि ड्रायव्हर आता काय थाप मारणार आहे. नकली सुटा भाग तर मी नुसत्या वासावर ओळखायचो. अशा माणसाला एक बांगडी विकत घ्यायची होती. एक बांगडी! त्यात अवघड ते काय?

बांगडी होणाऱ्या सुनेसाठी होती. माझ्या मुलाचं, लेईचं, शियाओमानशी ठरलं. आमच्याकडे चीनमध्ये सासू सुनेच्या हातात जेडची, म्हणजे हिरव्या मौल्यवान दगडाची, बांगडी घालते. पण आमच्या घरात सासूच उरली नाही. सूलान, माझी बायको, मागच्या थंडीत गेली. तिची बांगडीही तिच्याबरोबर गेली. लग्नात घातलेली ती कधी निघालीच नव्हती, काढायची तर फोडावी लागली असती. मी म्हटलं, राहू दे तिच्याजवळ.

दवाखान्यात तिने मला बजावलं होतं, "माझी मी घेऊन चाललेय. पोरीला माझ्या नावाने नवी घे. आणि हे बघ, एकटा जाऊ नकोस. तिला बरोबर ने, हातात घालून बघू दे. तुला बांगडीतलं काही कळत नाही."

"मला?" मी म्हटलं.

"तुला!" ती म्हणाली.

आता सुनेला बरोबर न्यायचं म्हणजे तिला आश्चर्याचा धक्का कसा बसणार? शिवाय दागिन्यांच्या दुकानातल्या मुली आधी माझ्या बुटांकडे बघतात आणि मग घड्याळाकडे. मी शेजारच्या हानला विचारलं. हान माझ्याच डेपोत कंडक्टर होता.

"दुकानात कोण जातं आता?" हान म्हणाला. "फोनवर बघ. लाइव्ह व्हिडिओत समोरासमोर विकतात. माझ्या बायकोने तिथूनच घेतली."

"खरी निघाली?"

"बायको खूश आहे. याच्यापुढे मी चौकशी करत नाही."

फोनमध्ये यान्यान नावाची एक मुलगी होती. हातभर बांगड्या, मागे डोंगराएवढे दगड. "घरच्यांनो! या बांगडीचा भाव ऐकलात तर पडाल!" पडद्यामागून मालक ओरडायचा, "नाही! एवढ्यात द्यायची नाही! मी रस्त्यावर येईन!" मग ही डोळे पुसत आम्हा बघणाऱ्यांना सांगायची, "माझ्या घरच्यांसाठी मी मालकाशीही भांडेन!" आणि भाव उतरायचा. मालक रोज जेवणानंतर रस्त्यावर येत होता. मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली!

मी तिथे 'जुनी बस' असं नाव घेतलं होतं. एकदा ती म्हणाली, "अरे वा, जुनी बस काका आले! काका, जेवलात का?"

आता बघा, सूलान गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. लेई विचारतो, पण उत्तर यायच्या आत फोन ठेवतो. मी एका बोटाने सावकाश लिहिलं, "हो. शेवया खाल्ल्या." तोवर तिने आणखी शंभरजणांना जेवलात का विचारून टाकलं होतं. पण सुरुवात माझ्यापासून झाली होती!

मी लिहिलं, "बांगडी खरी कशावरून?"

"काका, प्रमाणपत्र आहे! शिवाय बाजाराच्या तपासणी केंद्रातून जाते. तिथे टॅग लावतात, तो कापल्याशिवाय निघत नाही!"

प्रमाणपत्र, तपासणी आणि टॅग. आमच्या बसलासुद्धा इतकं काही नसायचं. मी घेतली.

खोका आला. वर सूचना होती: खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, नाहीतर तक्रार ऐकली जाणार नाही. मी काय कच्चा आहे? सूलानच्या फोटोसमोर सोया सॉसच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला, म्हणजे तिलाही दिसेल, आणि खोका उघडला. बांगडी छान हिरवीगार होती. मी म्हटलं, "बघ सूलान, तुझ्या सुनेची. तू असतीस तर तूच घातली असतीस." पुढे जरा डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी कांदा चिरला नव्हता, तेव्हा दुसरं कारण सांगता येत नाही.

मग प्रमाणपत्राच्या कार्डावरचा क्यूआर कोडचा चौकोन फोनला दाखवला. लगेच पान उघडलं. लाल शिक्का, नंबर, बांगडीचा फोटो, सगळं होतं! फक्त फोटोतल्या बांगडीवर मसुराएवढा गडद ठिपका होता आणि माझ्या बांगडीवर नव्हता. मी ती उलटी केली, सुलटी केली, आतून पाहिली. कुठेच ठिपका नाही.

यान्यानला विचारलं. ती म्हणाली, "काका, जेड जिवंत असतं! अंगाची ऊब लागली की रंग फिरतो. घरातल्या मोठ्या माणसाने आधी थोडे दिवस घालायची आणि मग सुनेला द्यायची. मायेने पोसलेली होते."

हे मात्र खोटं नाही, आमच्याकडे सगळे असंच मानतात. माझी आई तर बांगडीला पोर सांभाळावं तशी सांभाळायची. पण घरात मोठं माणूस कोण? मीच! भांड्यांचा साबण लावला, बोटं मिटली, दात-ओठ आवळले आणि बांगडी डाव्या मनगटात घातली. टॅगसकट!

ठिपका काही फिरला नाही. हात मात्र सुजला. बांगडी काढू म्हटलं तर निघेना! तिळाचं तेल लावलं, ग्रीस लावलं. हानने एकदा माझ्या छातीवर पाय ठेवून ओढलं. त्याला एवढी मेहनत करताना मी नोकरीतही पाहिलं नव्हतं. हात निघायला आला, पण बांगडी नाही.

मग मी फोनमधल्या तक्रारीच्या खिडकीत शिरलो. तिथे एक मदतनीस होती. माणूस होती की यंत्र, देव जाणे.

"प्रिय, काय अडचण आहे, प्रिय?"

"फोटोत ठिपका आहे, बांगडीवर नाही."

"प्रिय, बांगडीवर आमचा टॅग आहे का?"

"आहे."

"आमचा टॅग अस्सल असतो. अभिनंदन, प्रिय!"

"टॅगचं कोण विचारतंय? बांगडी कुणी तपासली?"

"तपासणी केंद्राने, प्रिय."

"काय तपासलं?"

"टॅग आहे की नाही ते, प्रिय."

"आणि टॅग लावतं कोण?"

"तपासणी केंद्र, प्रिय."

आमच्या डेपोत असाच एक इन्स्पेक्टर होता. ब्रेक तपासले आहेत की नाहीत, हे तो वहीतल्या सहीवरून तपासायचा. सही त्याचीच असायची! पण त्याने मला कधी प्रिय म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सूलाननेही म्हटलं नव्हतं.

मदतनीस म्हणाली, "प्रिय, खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा." मी आनंदाने व्हिडिओ उघडला आणि पाहतो तर काय, कॅमेरा उलटा! सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझं थोबाड. आधी हनुवटी, मग नाक, मग "बघ सूलान", मग ते पाणी. बांगडी एकदाही नाही! पण सलग होता ना? सूचनेत सलग म्हटलं होतं. मी पाठवायला गेलो. तिथे पाच तारे आले. मी समजलो, तक्रार किती गंभीर ते विचारताहेत. माझी तर अतिगंभीर होती. पाचही तारे दाबले आणि पाठवून दिला!

उत्तर आलं, "आपल्या प्रेमाबद्दल आभार, प्रिय!" मला ते जरा विचित्र वाटलं. पण त्यांची भाषाच तशी.

तोवर दोन्ही घरांच्या जेवणाचा रविवार उजाडला. याच जेवणात बांगडी द्यायची होती. शियाओमानची आई, दोंगबाई, शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. अख्ख्या शहरातली निम्मी माणसं त्यांना अजून घाबरतात. लेई तर इतका घाबरला होता की त्याने सिगारेट सोडल्याचं त्यांना सांगून टाकलं होतं. मला रस्त्यात म्हणाला, "बाबा, त्यांना खोटेपणा अजिबात चालत नाही. काही गडबड करू नका. माझं लग्न आहे."

"मी कशाला गडबड करीन?" मी म्हटलं आणि डावा हात कोटाच्या खिशात आणखी खोल घातला. मनात ठरवलं होतं, जेवण सुखरूप होऊ दे, बांगडी 'दुरुस्तीला' गेलीय असं सांगू.

हॉटेलची खोली तापलेली. सगळ्यांनी कोट काढले. मी काढला नाही. घाम फुटला. गोल टेबल फिरत होतं, मासा समोर यायचा आणि मी एका हाताने चॉपस्टिक सावरेपर्यंत निघून जायचा.

"व्याहीबुवा, हाताला काही लागलंय का?" दोंगबाईंनी विचारलं.

"थंडी वाजतेय."

"एकाच हाताला?"

तेवढ्यात त्या पेला घेऊन उठल्या. झालं! होणारी विहीण उभी राहून पेला पुढे करते, तेव्हा एका हाताने पेला धरणारा माणूस आमच्याकडे रानटी समजतात. दोन्ही हात लागतात, आणि आपला पेला तिच्या पेल्यापेक्षा खाली धरावा लागतो. सूलान मला टेबलाखालून लाथ मारून आठवण करायची. मला ती लाथ अगदी जाणवली. मी डावा हात बाहेर काढला.

हिरवीगार बांगडी आणि तिच्यावर लोंबणारा टॅग! लेईने डोळे मिटून घेतले.

दोंगबाई टॅगकडे बघेनात. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "हा चेहरा मी पाहिलाय! तुम्ही ते रडणारे काका!"

"कोण रडणारे काका?"

त्यांनी फोन काढला. यान्यानच्या दुकानात सगळ्यात वर मी होतो! हनुवटी, नाक आणि ते पाणी. 'बघ सूलान' कापलेलं. त्या जागी संगीत आणि खाली मोठी अक्षरं: 'जुनी बस काका म्हणतात, इतकी अस्सल की डोळे भरून आले! पाच तारे!'

"तुम्हाला बघून तर मी घेतली!" असं म्हणत दोंगबाईंनी बाही वर केली. हुबेहूब तशीच बांगडी. "म्हटलं, ती पोरगी खोटं बोलेल, मालक खोटं बोलेल, पण हा चेहरा खोटा असूच शकत नाही!"

"चेहरा खराच आहे, विहीणबाई. बांगडीचं माहीत नाही."

"प्रमाणपत्र आहे ना!" त्यांनी पर्समधून कार्ड काढलं. मी पाकिटातून माझं काढलं. दोन्ही शेजारी ठेवली. शिक्का तोच. फोटो तोच. ठिपका तोच. नंबरही तोच!

टेबल फिरायचं थांबलं.

"आगकाडी कुणाकडे आहे?" दोंगबाई वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं. लेईचा हात आपोआप खिशात गेला आणि लायटर बाहेर आला. "अच्छा!" दोंगबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे नंतर बघते." मग त्यांनी केसातली पिन तापवली आणि स्वतःच्या बांगडीला टेकवली. चर्र झालं, धूर निघाला.

वास मी ताबडतोब ओळखला. सहा नंबरच्या बसची मागची सीट! एकदा जळली होती. पण हे ओळखायला जरा उशीर झाला होता.

"जळतं ते जेड नसतं, प्लॅस्टिक असतं," दोंगबाई म्हणाल्या. "आणि मी माझ्या दोन्ही बहिणींना घ्यायला लावली! तुमच्या थोबाडामुळे! लग्नाआधीच ही तऱ्हा, पुढे काय?"

त्या पर्स उचलायला लागल्या. लेई पांढराफटक. मी उभा होतो, पेला अजून दोन्ही हातांत. म्हटलं, "विहीणबाई, पोराचा दोष नाही. त्याच्या आईने सांगितलं होतं, पोरीला बरोबर ने, तिच्या हातात घालून बघू दे. मीच गेलो एकटा."

"मग मला का नाही विचारलंत?" शियाओमानने विचारलं. ती इतका वेळ खाली मान घालून बसली होती. मला वाटलं रडतेय.

"तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता."

"दिलात की, बाबा!" आणि ती अशी हसली की तिच्या पेल्यातलं सांडलं. माझ्या लक्षात आलं, आतापर्यंत ती मला काका म्हणायची.

दोंगबाईंनी लेकीकडे पाहिलं, माझ्या टॅगकडे पाहिलं, मग आपल्या जळक्या बांगडीकडे. त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला. "बस खाली," त्या कुणाला म्हणाल्या कळलं नाही, पण लेई आणि मी दोघंही बसलो. शियाओमानने आईच्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, वरून बदकाची चरबी चोळली आणि बांगडी सर्रकन काढून माशाच्या ताटात टाकली. मग माझी पाळी. सगळ्यांनी ओढली. वेटरनेही ओढली. निघाली नाही.

"लग्नानंतर बघू," दोंगबाई म्हणाल्या. तेव्हा लेईने श्वास सोडला.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. माझ्यासाठी अट एकच होती, कशालाही हात लावायचा नाही. शियाओमानने बऱ्याच घालून पाहिल्या आणि एक पातळ, फिकट बांगडी निवडली. अंगावर ढगासारखा डाग असलेली. मी असतो तर दुसरी चकचकीत घेतली असती. सूलानच्या नावाने मीच ती तिच्या हातात सरकवली. अगदी बरोबर बसली. मग दुकानातली मुलगी माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "काका, तुमची काय सुरेख आहे! कुठून घेतलीत?" शियाओमान मला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

माझी अजून हातातच आहे. हान रोज करवत घेऊन येतो. पण तक्रार चालू आहे, आणि मदतनीस म्हणते, पुराव्याला धक्का लावू नका, प्रिय. टॅग कापला तर संपलं.

सूलानच्या फोटोसमोर मी रोज फळ ठेवतो आणि थोडा वेळ बसतो. तिला सगळं सांगितलंय, सुनेची बांगडी, तो ढगासारखा डाग, लेईचा लायटर. फक्त बसताना डावा हात मांडीखाली घेतो. तिला बांगडीतलं कळतं.