जावयाच्या हातची कोंबडी

"आई, आज तुम्ही स्वयंपाकघरात यायचंच नाही," चिन्मय बाह्या दुमडत म्हणाला. "आजचं जेवण मी करणार."

आशाबाई भाकरीचं पीठ काढत होत्या. परात तशीच हातात राहिली. जावई लग्नानंतर पहिल्यांदाच रोहिणखेडला चार दिवस राहायला आला होता आणि पहिले दोन दिवस कसे रीतीप्रमाणे पार पडले होते. जावई बसला, सासरे पुंजाजी गप्पा मारत बसले, सासूने वाढलं, जावई जेवला. आज रविवार. अंगणात डालग्याखाली कोंबडा झाकून ठेवलेला होता, रश्श्याचा मसाला सकाळीच भाजून झाला होता, आणि संध्याकाळी थोरले दीर रामराव जावयाला पाहायला जेवायला येणार होते. रामराव गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते, रागासाठी आणि तिखट खाण्यासाठी.

"तुमी काऊन करता, जावाईबुवा? लोक काय म्हंतीन?"

"लोकांचं सोडा हो. तुम्ही दोन दिवस चुलीपुढून हलला नाहीत. आज आराम."

आशाबाईंनी मुलीकडे पाहिलं. अश्विनी बाजेवर पाय पसरून मोबाईल बघत होती.

"करू दे त्याले, माय. मी सांगतलं होतं ना तुले, त्याले हौस हाय."

हौस म्हणजे कधीमधी चहा करत असेल, अशी आशाबाईंची समजूत होती. दुसरं कोणी असतं तर त्यांनी लाटणं दाखवून बाहेर काढलं असतं. पण हा जावई. त्याला नाही म्हणायचं कसं? त्या दिवशी पुंजाजींच्या घरात जे जे झालं, ते सगळं याच अडचणीतून झालं. सासूला जावयाला नाही म्हणता येत नव्हतं, आणि जावयाला सासऱ्याला चुकलात म्हणता येत नव्हतं.

"काय करून राह्यले मंग?" पुंजाजींनी ओट्यावरून विचारलं.

"पेरूचं चिकन, बाबा. अख्खी कोंबडी भाजायची. सोबत हिरवा सॉस आणि भात. मी कंपनीच्या कामाला अमेरिकेत होतो ना, तिथे शेजारीच एक हॉटेल होतं. रोज तेच खायचो."

पुंजाजींनी चपला घातल्या आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडले. तासाभराने आले ते इंद्रभानच्या बगिच्यातले पिशवीभर पेरू घेऊन.

"पिकेल बी हायत अन् कच्चे बी," त्यांनी पिशवी जावयापुढे ठेवली. "कोंबडीले कोणते लागतात ते मले नाई समजलं. म्हून दोन्ही आणले."

चिन्मयने पिशवीत पाहिलं. पेरू नावाचा एक देश आहे, हे सांगायला त्याने तोंड उघडलं. सासरे घामाघूम झालेले होते आणि फार खुशीत होते. त्याने तोंड मिटलं.

"अगदी असेच हवे होते, बाबा. कोंबडीच्या पोटात भरतात हे."

बाजेवर अश्विनीने ओढणीत तोंड खुपसलं.

डालग्याखालचा कोंबडा मात्र वाचला. तो जून आहे, भाजून मऊ होणार नाही, अख्खी ब्रॉयलर कोंबडी पाहिजे आणि तीही कातडीसकट, असं चिन्मयचं म्हणणं पडलं. पुंजाजी मोटरसायकल काढून मोताळ्याला गेले. दुकानदाराने सवयीने कातडी ओढून बारीक तुकडे करून दिले, तेच घेऊन परत आले.

तुकडे बघून आशाबाईंच्या जिवात जीव आला. अख्खी नाही तर नाही, याचा रस्सा होईल, रामरावांपुढे अब्रू राहील. त्यांनी पातेलं हळूच पदराआड घेतलं आणि मागच्या दाराकडे निघाल्या. चिन्मयने वाटेतच ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आई, तुम्हाला आराम करायला सांगितलं ना मी?" तो प्रेमाने म्हणाला आणि ते तुकडे त्याने लसूण, जिरं, लिंबू आणि मिरपुडीच्या वाटणात बुडवून टाकले. "हे पण भाजू. बाबा, अजून दोन आणता येतील? कातडीसकट सांगा फक्त."

पुंजाजी पुन्हा मोताळ्याला गेले. या वेळी दुकानदाराशी त्यांची हुज्जत झाली. "कातडं खाता का तुमी, काका?" असं त्याने दहा लोकांत विचारलं. पण पुंजाजींना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उलट येताना ते चार ठिकाणी थांबले होते. "आमचे जावाई सोता सैपाक करून राह्यले," असं सांगत, "नाई तं आपण. आयुष्यात पाण्याचा गिलास हातानं भरून नाई घेतला. माणूस असावा तं असा."

"हे तुमी गावभर सांगून आले?" आशाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"काऊन नाई सांगाव? अभिमानाची गोठ हाय."

आशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण तोही हळूच, जावयाला दिसू नये म्हणून.

आता प्रश्न ओव्हनचा. घरात ओव्हन नव्हता. चिन्मय अंगणभर हिंडला आणि ज्वारीच्या लोखंडी कोठीपाशी येऊन थांबला. कमरेएवढी, वर झाकण असलेली.

"आई, ही कोठी रिकामी आहे का?"

कोठीत अर्ध्यापर्यंत ज्वारी होती.

"हाव," आशाबाई म्हणाल्या. "रिकामीच समजा."

मग त्यांनी आणि अश्विनीने ज्वारी उपसून अंगणात चादरीवर ओतली. चिन्मयने कोठी विटांवर चढवली, खालून जाळ घातला, आणि दोन्ही कोंबड्या पोटात पेरू भरून आत तारेने टांगल्या. तुकडे एका ताटलीत खाली ठेवले. कोठीला पुंजाजींनी दसऱ्याला हिरवा रंग दिला होता. तो तडतडत उतरायला लागला आणि त्याचा वास गल्लीभर पसरला.

त्या वासावर शेजारच्या जनकाबाई भिंतीवर उगवल्या. खाली जावई उकिडवा बसून फुंकणीने जाळ फुंकत होता. डोळे लाल, नाकाला काजळी.

"काय वं आशाबाई, जावायाले चुलीपुढं बसोलं?"

"त्यायची हौस हाय."

"अन् तू पाहून राह्यली?"

"मी काय करू? त्यायनं मले मनाई केली."

"असं असते का कुठी," जनकाबाई म्हणाल्या. "आमचे जावाई तं पाणी बी मांगत नाईत. निस्ते पाह्यतात, अन् आपण उठाव." एवढं बोलून त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं. "तुही जवारी हाय का ते? बकरी खाऊन राह्यली."

बकरी जनकाबाईंचीच होती. आशाबाई धावल्या. बकरी हाकलेपर्यंत डालग्याखालून सुटलेला कोंबडा ज्वारीत येऊन उभा राहिला. ज्याच्या मरणाची सकाळी तयारी झाली होती, तो आता पाण्यात पोहल्यासारखा चादरीवर फिरत होता. आशाबाईंनी त्याला काठी दाखवली. त्याने मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा टिपायला लागला.

आशाबाई घरात आल्या तर लाईट गेलेली. मिक्सर बंद. हिरव्या सॉससाठी कोथिंबीर, मिरच्या, लसूण पाट्यावर वाटायला घेऊन चिन्मय बसला होता. त्याच्या मोबाईलवरच्या कृतीत सहा मिरच्या लिहिलेल्या होत्या. त्या कोणत्या देशाच्या, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्याने अंगणातल्या झाडाच्या सहा तोडल्या होत्या आणि मग चव घ्यायला विसरून अजून चार घातल्या होत्या.

"आता यात मेयोनीज लागतं," तो म्हणाला. "ते मीच करतो. अंडी, तेल, लिंबू. घुसळायला ही रवी घेऊ का?"

ती आशाबाईंच्या आईची रवी होती. तिने फक्त ताक घुसळलं जायचं. मटणाची भांडीसुद्धा त्या वेगळ्या फळीवर, वेगळ्या घासणीने घासून ठेवायच्या. रवीकडे त्यांनी पाहिलं, अंड्यांकडे पाहिलं, जावयाच्या काजळीच्या नाकाकडे पाहिलं.

"घ्या ना," त्या म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बकरीवर ओरडल्या. बकरी तेव्हा काहीच करत नव्हती.

दिवेलागणीला रामराव आले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यांनी अंगण पाहिलं. काळी पडलेली कोठी, विखुरलेली ज्वारी, चादरीवरचा कोंबडा. मग ते पाटावर बसले. पुंजाजी त्यांच्या शेजारी बसले आणि पाचव्यांदा जावयाचं कौतुक सांगायला लागले.

चिन्मयने कोठीचं झाकण उचललं. वाफेचा लोट आला. आशाबाईंनी देवाचं नाव घेतलं. जळलेलं काहीतरी निघणार आणि आपण रामरावांपुढे पिठलं टाकणार, याची त्यांनी मनात तयारी करून ठेवली होती. पण कोंबड्या निघाल्या त्या खरोखर छान निघाल्या. तांबूस, चकचकीत, थेंब थेंब गळणाऱ्या. तुकड्यांचे मात्र कोळसे झाले होते.

ताटात भात आला, कोंबडीचा तंगडीचा भाग आला, बाजूला हिरवा सॉस आला. रामरावांनी ताट फिरवून फिरवून पाहिलं.

"रस्सा कुठी हाय?"

"यात रस्सा नसतो, काका," चिन्मय म्हणाला. "हा सॉस असतो."

"निस्ता भात कोरडा कसा खाव?" असं म्हणून रामरावांनी सॉसची वाटी उचलली आणि अख्खी भातावर ओतली. कालवून पहिला घास घेतला. चावायचे थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, कान लाल झाले. पुंजाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी हाताने परत सारला. तिखटासाठी रामरावांनी पाणी मागितलं, असं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

"कसं आहे, काका?" चिन्मयने काळजीने विचारलं.

"बरं हाय," रामराव बऱ्याच वेळाने म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "अजून असन तं आणा."

एवढ्यात चिन्मयने आणखी एक ताट वाढून आणलं आणि पाट मांडला.

"आई, बसा."

आशाबाई दारामागे उभ्या होत्या. थोरल्या दिरापुढे पंगतीत बसायचं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती. त्या मान हलवत राहिल्या.

"सगळे झाल्यावर घेते मी."

"गार होईल. हे गरमच खायचं असतं."

"बस, अश्विनीची माय," रामराव डोळे पुसत म्हणाले. त्यांना या वेळी कोणाशीही वाद घालायचं बळ नव्हतं. "जावाई म्हणून राह्यले तं बस."

आशाबाई पदर डोक्यावर ओढून पाटाच्या कडेला बसल्या. कोणीतरी पुढे वाढलेलं ताट, त्यातून वर येणारी वाफ. ताटात काही कमी पडलं की उठायची त्यांची सवय, त्या दोनदा अर्ध्या उठल्या, आणि दोन्ही वेळा चिन्मयने त्यांना हाताने खाली बसवलं. त्यांनी कोंबडीचा तुकडा तोडला. वरून कुरकुरीत, आत मऊ, धुराचा वास, कुठेतरी पेरूची गोडसर चव. वाईट नव्हतं. वाईट नव्हतं याचाच त्यांना जास्त राग आला. दिवसभर केलेला संताप आता ठेवायचा कुठे?

त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला.

जेवणं झाली, रामराव गेले. जाताना काठी विसरले. आशाबाई भांड्यांकडे वळल्या. पाटा, परात, रवी, सगळी पातेली, ताटल्या, दोन तवे. एवढी भांडी घरात आहेत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. न्हाणीत गेल्या तर चिन्मय घासायला बसलेला. आणि त्याच्या शेजारी, धोतराचा काचा मारून, पुंजाजी. त्यांच्या हातात रवी होती आणि ते तिच्यावर राख फिरवत होते.

"अवो, तुमी काय करून राह्यले?"

"जावाई घासून राह्यले अन् मी काय बसून पाहू?" पुंजाजी कळवळून म्हणाले. "बरं दिसते का ते?"

"बाबा, त्या खाचेत अंडं राहिलंय," चिन्मयने दाखवलं.

पुंजाजींनी खाच पुन्हा घासली. चिन्मय पातेली विसळायला बाहेर गेला, तशी त्यांनी बायकोला जवळ बोलावलं.

"अवं, हे पोरगं उद्या जाऊन राह्यलं ना नक्की?"

"हाव. सकाळच्या गाडीनं."

"जाऊ दे लवकर. अजून दोन दिवस राह्यलं तं मले भाजी बी चिरा लागन."

आशाबाई ओट्यावर जाऊन बसल्या. न्हाणीतून भांड्यांचा आवाज येत होता आणि तो आवाज आपण करत नाही आहोत, हे जरा वेळाने त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाय लांब केले.

सकाळी बॅगा भरून झाल्या. चिन्मयने वाकून नमस्कार केला. पुंजाजी तर मोटरसायकल पुसून तयारच उभे होते.

"येतो, आई. काल फार त्रास दिला तुम्हाला."

तीन दिवसांत आशाबाई जावयाशी एकही शब्द मनापासून बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्यांनी बॅग उचलली आणि सरळ आत नेऊन ठेवली.

"जाता कुठी, जावाईबुवा," त्या म्हणाल्या. "ऱ्हा ना अजून आठ दिवस."