डेझर्ट रोडवरच्या कंट्रोलर मावशी

"हॅमिल्टनहून टाउपो, तुरांगी, वायोरूमार्गे ओहाकुनेला जाणारी गाडी नऊ चाळीसला सुटेल. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

ही घोषणा आमच्या गॅरेजमध्ये झाली. प्रवासी एकूण तीन होते: मी, माझी बायको केतकी आणि घोषणा करणाऱ्या सुलभामावशी.

मावशी म्हणजे शेजारच्या नीलेशची आई. कराडच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण स्टँड काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. सहा महिन्यांसाठी इकडे परदेशात मुलाकडे आल्या होत्या. नीलेश 'ते रापा' इथल्या दुधाच्या कारखान्यात पाळीत अडकलेला, म्हणून ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत आईला फिरवायचं काम आमच्याकडे आलं. "फक्त वेळेवर निघा," एवढंच तो म्हणाला होता. तेव्हा मी हसलो होतो.

मावशींच्या मांडीवर एक वही असे. आगमन, प्रस्थान, शेरा असे तीन रकाने. थांबा दहा मिनिटांचा, त्यातच चहा, त्यातच बाथरूम. टाउपोला केतकी कॉफीच्या रांगेत रेंगाळली, तर मावशींनी पार्किंगमध्ये उभं राहून "ओहाकुनेचे प्रवासी" अशी हाक दिली. केतकी हातात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घेऊन पळत आलीच, पण दोन जर्मन पर्यटकही उगाच भराभर चालायला लागले. वहीत शेरा पडला: 'प्रवासी केतकी, चार मि. उशीर.'

इथली माणसं त्यांना आवडायची, बोलणं मात्र अर्धवट वाटायचं. पेट्रोल पंपावरचा पोरगा "स्वीट अ‍ॅज", म्हणजे 'एकदम झकास', म्हणाला तर गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "कशासारखं गोड? वाक्य पुरं करायला काय होतं यांना?"

तुरांगी सोडलं आणि डेझर्ट रोड सुरू झाला. करडी रेती, वाऱ्यानं आडवं झालेलं तांबूस गवत, विजेचे मनोरे आणि उजव्या हाताला रुआपेहूचा डोंगर, भर उन्हाळ्यात डोक्यावर बर्फ घेऊन. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाळवंट आणि बर्फ एकाच खिडकीत. चांगलं आहे हो."

त्याच वेळी रस्त्याच्या कडेला एक जुनी व्हॅन दिसली. बॉनेट उघडं होतं आणि शेजारी पांढऱ्या केसांचा एक उंच म्हातारा उभा होता.

"थांबवा," मावशी म्हणाल्या.

मी थांबलो. "किया ओरा," म्हातारा म्हणाला, म्हणजे नमस्कार. नाव विरेमू. इंजिन गरम होऊन बंद पडलं होतं, आणि त्या पट्ट्यात फोनला रेंज नव्हती. मी म्हटलं, तुम्ही आमच्याबरोबर वायोरूला चला. पण व्हॅनमध्ये त्याची म्हातारी कुत्री होती, तिला स्वतःला गाडीत चढता येत नव्हतं, अनोळखी माणसाला ती हात लावू देत नव्हती, आणि तिला टाकून तो येणार नव्हता. मग मी सुचवलं, आम्ही पुढे जातो, वायोरूच्या गॅरेजला सांगतो. हे मी मावशींना मराठीत समजावून सांगितलं आणि निघायला वळलो. मावशी खाली उतरल्या.

"निरोप दुसऱ्या कुणाबरोबर पाठवा," त्या म्हणाल्या. "याला एकट्याला सोडून गाडी सुटणार नाही."

दहा मिनिटांनी एक ट्रक आला. ड्रायव्हरनं गॅरेजला सांगायचं कबूल केलं आणि तो गेला. आम्ही मात्र थांबलो. वारा असा की डब्यातले दडपे पोहे हातात धरून खावे लागत होते. विरेमूनं दोनदा मागून घेतले. मावशींच्या सांगण्यावरून मी त्याला विचारलं, कुठे निघाला होतात? ओहाकुनेला, तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आज नव्वद वर्षं पूर्ण होत होती. एक वाजता सगळे जेवायला बसणार होते. तेव्हा दीड वाजला होता.

तो कुत्रीला पाणी पाजायला गेला, तेव्हा मी मावशींना न राहवून म्हटलं, तुम्ही तर चार मिनिटांचा शेरा मारता, आणि आज?

त्यांनी डब्याला झाकण लावलं. मग सांगायला लागल्या. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. चिपळूणची गाडी फलाटावरून निघत होती आणि एक माणूस पिशवी छातीशी धरून धावत आला. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं. नवी बाई, ढिली आहे म्हणायला नकोत, म्हणून त्यांनी हात दाखवून गाडी सोडली. पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी.

"भांडला असता तर विसरले असते," मावशी म्हणाल्या. "तो नुसता उभा राहिला. कुठं जायचं होतं, कोण वाट बघत होतं, मी विचारलंसुद्धा नाही. नीलेशच्या बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं हे."

केतकीनं त्यांच्या अंगावर आपली शाल टाकली.

अडीचला गॅरेजचा ट्रक आला. व्हॅन लोखंडी दोरानं वर ओढून घेतली. एव्हाना माझी सवय झालेल्या कुत्रीला मी आणि विरेमूनं मिळून उचललं आणि आमच्या मागच्या सीटवर केतकीजवळ झोपवलं. पुढची सीट मावशींनी विरेमूला दिली. वाटेत दोघं आपापल्या भाषेत बोलत होते. मी भाषांतर करायला गेलो, तर कुणाला त्याची गरज नव्हती.

ओहाकुनेला पोहोचेस्तोवर साडेतीन वाजले. मोठ्या अंगणात टेबलं मांडलेली होती, ताटल्या पालथ्या होत्या. कुणीही जेवलं नव्हतं. खुर्चीत बसलेली एक छोटीशी म्हातारी आमच्या गाडीकडे बघत होती. विरेमू उतरला, तिच्यापाशी जाऊन वाकला, आणि दोघांनी कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. खूप वेळ ते तसेच राहिले.

आत या म्हणून माणसं बोलवायला आली. मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्या माणसांना खुणेनं थोडं थांबायला सांगितलं, आणि इंजिन बंद केलं.