नवी पेठेच्या स्वच्छतागृहाची फत्ते

श्रीसिद्धेश्वरचरणी भाव ठेवोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी सोलापुरी जे वर्तले, ते जैसे जाहले तैसे लिहितो. पदरची मीठमिरची घातली नाही. घालण्यास जागाच उरली नाही.

नवी पेठेत ईरम्मा नामे बाई पिना, रबरे, परकराचे नाडे विकोन पोट भरीत असे. पेठेत बायांस जावयास आडोसा नाही, सबब दुकान मांडल्यापासोन उठेपर्यंत तिजला पाणी वर्ज्य, आणि त्यामुळे मूतखडा जडला, आणि डॉक्टरांनी बजाविले की, पाणी न प्याल्यास मूत्रपिंड जाईल. हे वर्तमान ऐकोन सीनातीर विद्यापीठाचे नियोजनपंडित राजश्री नारायणराव यांस दया आली, म्हणजे प्रकल्प सुचला. मग त्यांनी नगरकचेरीच्या खाशा अभियंता इंद्रायणीबाईसाहेब यांशी तहनामा केला, आणि उभयतांनी जाड कागदावर दस्तखत केले, आणि शाली दिल्या-घेतल्या, आणि फौजेस कुचाचा हुकूम जाहला.

साठ विद्यार्थ्यांची फौज, गळा ओळखपत्र, हाती टॅब, रिक्षांचा गराडा फोडोन पेठेत उतरली, आणि सात दिवस पेठ मोजीत बसली. एकट्या ईरम्मेस नऊ वेळा पुसिले की, समाधान एक ते पाच यांत किती. तिने नऊही वेळा, "एक बाथरूम पायजे बगा," इतकेच सांगितले. तो आकडा नव्हे, सबब रकाना कोराच राहिला.

मग नकाशा सिद्ध जाहला. जे आहे ते निळे, जे व्हावे ते लाल, ऐसा संकेत. आणि ईरम्मेच्या मागील बोळात लाल चौकोन पडला. परंतु ऐन समयी विद्यापीठाच्या यंत्रातील रंगीत शाई सरली, आणि कचेरीत गेली ती काळी प्रत. कचेरी पाहते तो बोळात स्वच्छतागृह आहेच! मग असलेले पुन्हा बांधावे कशास? तत्काळ 'काम पूर्ण' असा शेरा मारिला. नारायणरावांस चूक उमगली; परंतु याच यशावरचा निबंध दुसरे दिवशी परिषदेत वाचावयाचा होता, सबब पंडित गप्प राहिले. ऐशा गप्प राहण्यास आमचे शहरी विद्वत्ता म्हणतात, आणि वर हारही घालतात.

मग लोकार्पण. बोळात मांडव, फीत, कात्री, आणि तोच नकाशा भल्या थोरल्या फ्लेक्सवर. ईरम्मेस प्रथम लाभार्थी म्हणोन नारळ दिला. ती बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परतली आणि भर सभेत बोलली, "बाईसायेब, कुटं हाय ओ? तितं नुस्ती भिंत हाय की."

बाईसाहेबांनी चौकोनावर बोट ठेवोन फर्माविले की, सुविधा येथे आहे.

"व्हय? मंग ते फ्लेक्स हितं खाली अंथरा की. पैलं तुमी जावा. मी पदर धरून आडोसा करते."

नारायणराव चष्मा पुसू लागले. मग कारकुनाने इतिवृत्त लिहिले, ते अस्सल बरहुकूम: 'लाभार्थी महिलेने सुविधेचा वापर तत्काळ सुरू करण्याची तयारी दर्शविली.' खाली उभयतांनी दस्तखत केले. मोहीम फत्ते जाहली.