बाधित महिला, एक नग

थर्मोकोलची पृथ्वी नको. कागदाच्या लगद्याची चालेल.

घागर पितळी असावी. प्लास्टिक दिसता कामा नये.

दिपाला सातवा लागलाय.

डिझेलच्या गाड्या फाट्यावरच थांबतील. अपवाद अध्यक्ष ठरवतील.

कचेरीतलं तापमान मोजायचं यंत्र सावलीत आहे, म्हणून लक्ष्मीबाईच्या मृत्यूचं कारण उष्माघात नव्हे, 'चक्कर' असं पडलं.

बाधित महिला, एक नग.

यातली दिपाची आणि लक्ष्मीबाईची ओळ सोडली, तर बाकी सगळं वसुंधरा हवामान कृती मंचाच्या बैठकीत एकमतानं मंजूर झालं होतं. बैठक हिंगोलीत, मंचाचे अध्यक्ष विश्वंभर सर यांच्या दिवाणखान्यात झाली. दारंखिडक्या बंद होत्या, कारण एसी चालू होता. जिल्हा तापत चाललाय याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मोर्चा काढायचा हेही ठरलं. अडचण एकच निघाली. मंचात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, खताचे व्यापारी होते. बाधित मात्र कुणीच नव्हतं. आणि बाधिताशिवाय मोर्च्याचा फोटो कुणी छापत नाही, असं सचिव प्रेमानंद अनुभवानं म्हणाले.

म्हणून सर सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावर आले. गाडी त्यांनी तांड्यावरच्या एकुलत्या एका कडुलिंबाखाली लावली आणि इंजिन चालूच ठेवलं, नाहीतर आत तापतं. लिंबाखाली बसलेली माणसं उठून उन्हात उभी राहिली.

"नाईक, तुमच्यातली एक बाई पाहिजे," सर तांड्याच्या वसराम नाईकाला म्हणाले. मग वाक्य सुधारलं. "म्हणजे आंदोलनासाठी."

नाईकानं रुक्माबाईकडे बोट केलं. गेल्या उन्हाळ्यात तिची जाऊ लक्ष्मीबाई टँकरच्या रांगेत पडली, ती उठली नाही. टँकर यायचा भर दुपारी. तेव्हापासून रुक्माबाईचं एकच म्हणणं होतं. ते तिनं ग्रामसेवकाला सांगितलं, सरपंचाला सांगितलं, मतं मागायला आलेल्या उमेदवाराच्या ड्रायव्हरलाही सांगितलं. उमेदवार काच खाली करत नव्हता.

"टँकर सकाळी येईल काय?" तिनं सरांना विचारलं.

"ताई, तोच तर मूळ मुद्दा आहे. जागतिक उत्सर्जन..."

"सकाळी म्हंजे आठ-नऊला. दुपारी लई तकलीफ व्हती. माही पुतणी दिपा बाळंतपणाला आली. तिची माय त्याच रांगेत गेली, सर."

"हेच," सर हेलावून म्हणाले. "अगदी हेच बोलायचं. फक्त थोडं जागतिक करून."

तांड्यावर टँकरची रांग माणसांची नसते, घागरींची असते. उजाडताच जो तो आपलं भांडं ओळीत ठेवतो आणि सावली धरतो. भांडं आहे तोवर नंबर शाबूत. भांडं बदललं की नंबर गेला. रोजची भांडणं मिटवायला हा नियम नाईकानंच घातला होता आणि तो तांड्यावर कायद्यापेक्षा चोख चालायचा. रुक्माबाईचा नंबर पितळी घागरीवर होता, आणि मंचाला नेमकी पितळी घागर हवी होती.

"तू जाय काकी," दिपा म्हणाली. "घागरीच्या जागी मी उभी राहते."

"न्हाई. ऊन पाहिलं काय? पोट पाहिलं काय आपलं?"

"एका दिवसाचं तर हाय. तू सायबाला बोलून ये. मंग रोज सकाळीच येईल."

"बरं. सावली धरून उभी राय."

"रांग कुठं सावलीत हाय, काकी?"

मोर्च्याच्या दिवशी रुक्माबाईला घेऊन निघालेली तांड्यावरच्या संतोषची जीप शहराबाहेरच्या फाट्यावर अडवली गेली. हिरवा टीशर्ट घातलेला स्वयंसेवक नम्रपणे म्हणाला, डिझेल आत चालणार नाही. रुक्माबाई उतरली, रिकामी घागर डोक्यावर घेतली आणि डांबरी रस्त्यानं चालू लागली. तिचा मोबाइल चार्जिंगला लावला होता, तो जीपमध्येच राहिला. शेजारून सरांची गाडी गेली. तीही डिझेलचीच, पण तिच्यात कागदाची पृथ्वी होती आणि पृथ्वीला ऊन लागून चालणार नव्हतं.

मैदानावर सरांच्या पत्नी निता मॅडम तिला न्याहाळत राहिल्या.

"मावशी, साधी साडी कशाला नेसलात? तुमचा तो आरशांचा ड्रेस कुठंय?"

"तो माह्या सासूचा व्हता. तिच्यासंग गेला."

मॅडमना याचा अंदाज होता. त्यांनी एका शाळेच्या गॅदरिंगमधून पोशाख आणवला होता. तो सहावीतल्या मुलीच्या मापाचा निघाला. शेवटी नुसती ओढणी बसली. तिचे आरसे ऊन पकडून रुक्माबाईच्याच डोळ्यांवर मारत होते.

मैदानात मांडव होता. मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर निमंत्रित, निमंत्रितांच्या हातात काचेच्या ग्लासात सरबत. रुक्माबाई मांडवाकडे वळली तसं प्रेमानंदांनी तिला हळूच बाजूला घेतलं.

"ताई, तुम्ही इकडं उन्हात. बाधित सावलीत बसला की बाधित वाटत नाही."

निवेदन घ्यायला एक अधिकारी आले होते. आधी सर बोलले, ते हिमनद्यांवर. मग एक डॉक्टर बोलले, ते समुद्राच्या पातळीवर. हिंगोलीपासून समुद्र बराच लांब असल्यामुळे त्यांना वेळ लागला. मग रुक्माबाईच्या हातात माईक आला. तिनं घागर कमरेवर घेतली.

"टँकर सकाळी..." ती म्हणाली, आणि टँकर आला.

भाषणांनंतर झाडं लावायची होती. झाडांना पाणी लागतं, म्हणून प्रेमानंदांनी टँकर सांगून ठेवला होता. मागचा दिवा फुटलेला, नळाला चिंधी बांधलेली. रुक्माबाईनं तो लांबून ओळखला. नऊ वाजले होते. तिची मागणी मांडण्याआधीच मान्य झाली होती, फक्त गाव चुकलं होतं.

तांड्यावरची बाई टँकर दिसल्यावर जे करते तेच तिनं केलं. माईक टाकला, पळत गेली आणि घागर नळाखाली धरली. पुढं कुणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा पहिला नंबर होता.

"रुक्माबाई, तुमी इथं?" ड्रायव्हर हरीश म्हणाला.

"तू इथं काहून? तांड्यावर पोरगी उभी हाय माही."

"मला वरून फोन आला. सकाळची खेप रोज सरांच्या कॉलनीत आसती, आज झाडाला. दुपारी दुसरीकडं पाठवून राहिले. आज तांड्याचं काही जमत न्हाई."

"तांड्यावर कळवलं काय कोणी?"

"ते माहं काम न्हाई."

तिनं वळून अधिकाऱ्यांना हाक मारली. अधिकारी घड्याळात पाहत होते. ते समाधानी दिसत होते.

"बाई, टँकर सकाळी येत नाही असं तुमचं म्हणणं ना? मी स्वतः हजर असताना आला. तक्रारीत तथ्य नाही."

मांडवात टाळ्या वाजल्या. प्रशासनानं इतक्या लवकर दखल घेतल्याबद्दल सरांनी आभार मानले.

"मला जाऊ द्या," रुक्माबाई भरली घागर उचलत म्हणाली. "जीप लागली हाय फाट्यावर."

निता मॅडम आडव्या आल्या. "मावशी, भरली घागर घेऊन कोण जातं मोर्च्यातून? लोक काय म्हणतील? एवढं रोपाला घाला आणि मग जा." असं म्हणून त्यांनी घागरीला हात लावला. नुसताच लावला, फोटोत दोघींचे हात दिसावेत म्हणून. रुक्माबाईनं घागर स्वतःकडे ओढली, मॅडमनी स्वतःकडे, आणि पाणी गुलमोहराच्या रोपावर पडलं. बरंचसं रोपाच्या बाजूला पडलं.

तो फोटो फार चालला. त्याखाली ओळ आहे, 'निसर्गाशी नातं घट्ट धरून ठेवणारी माय'. पुण्या-मुंबईच्या लोकांनी तो पुढं पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. तुम्ही पंख्याखाली बसून त्यावर लाल बदाम दाबलात, आपणही काहीतरी केलं असं वाटून फोन उपडा ठेवलात आणि गार पाण्याचा ग्लास मागितलात. गुलमोहर जगला नाही, पण पुढच्या वर्षीच्या मोर्च्यासाठी खड्डा तयार आहे. बाधित महिलेसाठी मंचाची विचारणा सुरू झाली आहे.

टँकर येणार नाही हे तांड्यावर कुणीच कळवलं नव्हतं, आणि सातवा लागलेली दिपा दुपारी तीनपर्यंत उन्हात घागरीच्या जागी उभी होती.