पेठ्यांची रिकामी जागा

ज्या गृहस्थाकडे मोटार नाही, त्याने मोटारीची जागा रोज सकाळी स्वतः झाडावी, याचा खुलासा आमच्या सोसायटीच्या उपविधींत कुठेही सापडत नाही. मी ते परिशिष्टांसह वाचले आहेत.

श्री. सुधाकर पेठे हे बनशंकरीतल्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. एका सरकारी प्रयोगशाळेत धातू आणि सिरॅमिक तापवण्यात त्यांची सारी नोकरी सरली. घन पदार्थाच्या पोटात अणू कसे सरकतात, हा त्यांचा विषय. त्यांच्या खिडकीत तांब्याची एक आणि निकेलची एक अशा दोन चकत्या एका शिकंज्यात एकमेकींवर घट्ट आवळून ठेवलेल्या आहेत. "काय चाललंय?" असे विचारले की ते त्या जोडीकडे बोट दाखवतात. "चाललंय, पण सावकाश. भट्टीत असत्या तर एव्हाना एकमेकींत शिरल्या असत्या. बंगळूरच्या हवेत आपल्या हयातीत काही दिसायचं नाही."

आमच्या तळघरात मोटारी एकीमागे एक लागतात. आतली काढायची तर बाहेरची हलवावी लागते. आणि हलवून ठेवणार कुठे? पेठ्यांच्या जागेत! सकाळी कचेऱ्यांच्या वेळी खालून हाका सुरू होतात. चौथ्या मजल्यावरची भव्या ओरडते, "पेठे अंकल, एरडे निमिष!" म्हणजे दोनच मिनिटे. पेठे सज्जातून वाकून म्हणतात, "सरी, सरी! सावकाश घे, पुट्टी!" म्हणजे बरं, बरं, पोरी. मग माझ्याकडे वळून, "बघा वकीलसाहेब, तापमान वाढलं. रिकामी जागा आता तिसऱ्या खांबापाशी गेली."

एका सभासदाच्या जागेचा असा सार्वजनिक वापर सर्वस्वी नियमबाह्य आहे. मी कार्यकारिणीस पत्र लिहिले. उत्तर नाही. स्मरणपत्र दिले. पोच नाही. तेव्हा निषेधपत्र धाडले. मागणी स्पष्ट होती: वाहन नसलेल्या सभासदाची जागा काढून प्रतीक्षेतल्या सभासदास द्यावी. अखेर कार्यकारिणीस जाग आली आणि विषय सभेपुढे आला.

पेठे चिडले असते तर मला बरे वाटले असते. ते जिन्यात थांबून मला शिकवू लागले.

"वरून पाहिलात तर धातू कसा ठाम दिसतो! पण आतला अणू जागा बदलत असतो. कधी? शेजारची जागा रिकामी असेल तेव्हा. सगळ्या भरल्या की जो तो जिथल्या तिथे थरथरत बसणार."

"पेठे, इमारत म्हणजे धातूचा तुकडा नव्हे."

"ते भव्याला विचारा. तिला नऊ वाजता कचेरी गाठायची असते."

सभेच्या आदल्या दिवशी दसरा होता. माझ्या अर्जाची प्रत त्यांना हातोहात देणे हे माझे कर्तव्य होते, म्हणून मी गेलो. निम्मी इमारत गावी गेली होती. पेठे इस्त्रीचा सदरा घालून सज्जात बसले होते. खाली तळघरात, झाडून काढलेल्या जागेवर त्यांनी झेंडूचे फूल ठेवलेले मी येताना पाहिले होते.

"कुठे निघालात?" मी विचारले.

"कुठे नाही. आज एकही गाडी हलली नाही हो." ते खाली पाहत राहिले. "गाडी नलिनी चालवायची. मला शेवटपर्यंत जमलं नाही. ती खालून हॉर्न वाजवायची, मी पिशवी घेऊन उतरायचो. ती गेली, गाडी विकली. मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, जागा भाड्याने द्या. दिली तर गाडी येईल. हाक कशी येईल?"

प्रत माझ्या हातात होती. ती मी खिशात घातली.

त्याच दुपारी विषय मागे घेतल्याचे पत्र चिटणिसांना दिले आणि सोबत उपविधींत दुरुस्ती सुचवली: तळघरातील एक जागा कायम रिकामी राहील व तिचा ताबा श्री. पेठे यांच्याकडे असेल.

मग तळघरात उतरलो. माझी मोटार बाहेरच्या रांगेत असते. ती हलवण्याचे काहीएक कारण नव्हते. फूल उचलून काचेपाशी ठेवले, मोटार पेठ्यांच्या जागेत घेतली, हॉर्न वाजवला आणि बाहेर येऊन वर ओरडलो, "अहो पेठे, दोन मिनिटं लावतोय!"

सज्जातली खुर्ची घाईने सरकली.

"लावा हो, लावा! सावकाश! चहा टाकतो, वर या!"

दोन मिनिटांचे दोन तास झाले. नियमाचे हे उघड उल्लंघन आहे. त्याविरुद्ध कोणास पत्र लिहावयाचे असल्यास त्याने अवश्य लिहावे. उत्तर देण्यास मी समर्थ आहे.