नाकाखालचं बोट

अक्कांना झोप लागावी म्हणून मी माझं अंथरूण उचलून आतल्या खोलीत नेलं. मूर्खपणा मी आजवर पुष्कळ केला, पण बहुतेक तरुणपणी, आणि त्या वयात तो शोभूनही दिसतो. हा केला नातवंडं झाल्यावर, तोही स्वतःला फार समजूतदार समजून.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. सासर वेल्ह्याच्या डोंगरात, मुक्काम हल्ली भोरला माझ्याकडे. दोघी विधवा, खोल्या दोन, त्यातल्या बाहेरच्या खोलीत दोघींची अंथरुणं.

अक्कांची एक खोड साऱ्या भावकीला माहीत आहे. झोपलेलं माणूस दिसलं की त्याच्या नाकाखाली बोट धरायचं. श्वास लागला की "हाय" म्हणायचं आणि पुढं जायचं. पाळण्यातलं पोर, ओसरीवरचा पाहुणा, कुणी सुटलेलं नाही. एका लग्नात जेवून मांडवात लवंडलेला नवरदेवाचा मामा असा दचकून उठला, की त्याचा फेटा अक्कांच्या हातात राहिला. कापूरहोळच्या फाट्यावर टेम्पोत झोपलेल्या ड्रायव्हरचं नाकही त्यांनी एकदा तपासलं. तो चोर समजून अंगावर आला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "हाय. नीज बाबा."

स्वतः मात्र निजत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "एकदाच निजायचंय. घाई कशाला?"

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का नवऱ्याला घेऊन औषधपाण्यासाठी माहेरी येऊन राहायच्या. मला कधीही जाग आली तरी ही बाई त्यांच्या उशाशी टक्क बसलेली. मी मॅट्रिक पास, म्हणजे सर्वज्ञ. मी ताडलं की नणंद माझ्यावर पाळत ठेवतेय, नवी सून कधी उठते ते बघतेय. मग मी अंधारात उठून मुद्दाम भांडी आपटायची. माझा कामसूपणा आळीभर ऐकू जायचा. अक्कांना तो ऐकूच जात नसणार. त्यांचा कान एकाच आवाजावर होता.

त्यांच्या यजमानांना झोपेत फिट यायची. दातखीळ बसायची, श्वास अडकायचा. पटकन कुशीवर वळवायला शेजारी कुणीतरी जागं लागायचं. ते कुणीतरी म्हणजे अक्का, वर्षानुवर्षं. मग एका आषाढात दिवसभर गुडघाभर चिखलात भाताची लावणी करून त्या घरी आल्या, भिंतीला टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा यजमान पालथे पडले होते, आणि गार झाले होते. गाव म्हणालं, सुटला बिचारा. नाकाखालचं बोट तेव्हापासूनचं.

म्हातारपणी हे जागरण अंगावर आलं. भाजी निवडता निवडता तोल जायचा. दूध ओट्यावर आणि गॅस रिकामाच पेटलेला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, तर त्या गुंगीत मोरीत पडल्या आणि कपाळाला टाके पडले. गोळ्या बंद झाल्या. मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा पडल्या आणि खुबा मोडला तर अंथरुणातून उठतील असं धरून चालू नका. मी घरी येऊन मोरीला दांडी बसवून घेतली. पण झोपेला कुठून दांडी बसवणार?

नसरापूरच्या एका दवाखान्यात तेव्हा झोप न येणाऱ्यांवर एक नवा उपाय तपासून बघत होते. गुण येईलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. सुई नाही, शॉक नाही. डोक्यावर तारांची टोपी घालायची. मेंदूत चालतं ते टोपी टिपते आणि समोरच्या पडद्यावर एक होडी दिसते. मन निवलं की होडी पुढं सरकते, मनात कालवाकालव झाली की थांबते. होडी बघत बघत मनाला निवायची सवय लागावी, असा सगळा बेत.

पहिल्या दिवशी मी अक्कांचं डोकं तेलानं चांगलं थबथबवून नेलं. झोपेला तेलासारखं औषध नाही, हे माझं ज्ञान. तिथं काम बघणारी मुक्ता नावाची मुलगी टोपीच्या चकत्या तेलकट टाळूला लावून लावून थकली. पडद्यावर नुसतं गवत माजल्यासारख्या रेघा. शेवटी तिनं हात जोडले, आजी, उद्या डोकं धुऊन या. परतीच्या एसटीत अक्का म्हणाल्या, "माज्या डोक्यातलं यंत्राला बी कळंना, बघ."

मग आमच्या खेपा सुरू झाल्या. अक्का होडीकडे अशा बघायच्या, की जिवंत माणूस असता तर पळत सुटला असता. होडी जागची हलायची नाही. मुक्ता म्हणायची, जोर लावू नका, सोडून द्या. अक्का म्हणायच्या, सोडून दिलं की काय व्हतं ते मला म्हाईत हाय. मुक्ताला यातलं काही कळलं नाही. मला कळलं.

मुक्तानं घरचंही विचारलं. झोपायच्या खोलीत अंधार असतो का, शांतता असते का? मी शरमेनं लाल. कारण मी घोरते. साधंसुधं नाही; अक्का त्याला गिरणी म्हणतात, रोज सकाळी किती दळण झालं म्हणून टोमणा मारतात. तरी पहाटेकडे थोडा डोळा लागतो, असं त्याच सांगायच्या. तेवढीही झोप माझ्यामुळेच मोडत असेल, असं मनाशी म्हणत मी अंथरूण आत नेलं. अक्कांनी बघितलं, पण बोलल्या नाहीत. आणि उरलीसुरली पहाटेची झोपही गेली. आठवड्याभरात डोळे खोल गेले, हातातली कपबशी वाजायला लागली. मला वाटलं, संपलं आता.

त्याच अवस्थेत आम्ही पुन्हा नसरापूरला गेलो. होडीच्या आधी थोडा वेळ डोळे मिटून स्वस्थ बसायचं असतं. अक्का टोपी घालून खुर्चीत, मी कोपऱ्यात बाकावर. दुपारचं ऊन, डोक्यावर पंखा. माझी गिरणी कधी चालू झाली, मला कळलंच नाही. खांद्याला हात लागला म्हणून जागी झाले. मुक्ता कानाशी कुजबुजत होती, आजी, घोरू नका, बघा तरी, त्या झोपल्यात.

मी बघितलं. अक्कांची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना झोपलेलं पाहिलंच नव्हतं; चेहरा अनोळखी वाटला. मी श्वास रोखून गप्प बसले. आणि गप्प बसताच अक्का खाडकन उठल्या. टोपीच्या तारा ताणत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या नाकाखाली बोट धरलं.

परतताना एसटीत मी विचारलं, अक्का, मी अंथरूण आत नेलं तेव्हा का नाही बोललात? कामथडीची मागं जाणारी शेतं बघतच त्या म्हणाल्या,

"तू घोरतीस तवर मला उटून बगावं लागत न्हाई. तुज्या त्या गिरणीवर भरवसा टाकून म्या जरा राखण सोडली व्हती. आत गेलीस, अन् मला परत राखणीला बसवलंस. आज अंथरूण भाईर आन."